आम्ही गोळ्या भरायचो

अण्णा, तुम्ही गेल्यावर पंधरा दिवस घरात माणसांचा राबता होता. इथली, ॲरिझोनातल्या चँडलरमधली सगळी मराठी मंडळी येऊन गेली. बहुतेकांनी मला एकच विचारलं, सासऱ्यांचं आणि तुझं एवढं कसं काय जमलं? मी काय सांगणार? म्हटलं, आम्ही दोघं रोज संध्याकाळी गोळ्या भरायचो. त्यावर एका काकूंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "किती सेवा केलीस गं." त्यांना वाटलं, तुमच्या हृदयाच्या गोळ्या. वारांप्रमाणे डबीत भरायच्या त्या. मी त्यांना खरं सांगितलं नाही. तुम्ही असता तर सांगितलं असतंत आणि वर रायफलच्या काडतुसाची लांबी कशी मोजायची तेही समजावलं असतंत.

तुम्ही इथे आलात तेव्हा आपलं काही फार जमत होतं असं नाही. आई गेल्यावर चिंचवडचा फ्लॅट बंद करून समीरने तुम्हाला आणलं, ग्रीन कार्ड झालं, आणि तुम्ही हॉलमधल्या त्या करड्या खुर्चीत जाऊन बसलात. सकाळी बसायचात ते संध्याकाळपर्यंत. विचारलं तर हो, नाही, चालेल. मी ऑफिसातून आले की चहा ठेवायची. तुम्ही तो प्यायचात, कप स्वतः धुवायचात आणि पुन्हा खुर्चीत. समीर म्हणायचा, वेळ दे त्यांना. मी वेळ देत होते, पण तुम्ही तो घेत नव्हतात.

आणि मग तुम्हाला कळलं की घरात रायफल आहे.

समीरला बाजूला घेऊन विचारलंत, "हिला हे कशाला लागतं?" मी स्वयंपाकघरातून ऐकलं. समीरने सांगितलं की ती नागपूरला कॉलेजात एनसीसीत होती, तेव्हापासून तिला नेमबाजीची आवड आहे, इथे क्लब आहे, कागदाच्या टार्गेटवर मारतात, रायफल तिजोरीत कुलूपबंद असते. तुम्ही ऐकून घेतलंत. दोन दिवस चहाचा कप मात्र माझ्या हातून घेतला नाहीत, मी टेबलावर ठेवायचे तेव्हा उचलायचात.

मागच्या खोलीतलं माझं टेबल तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तो शनिवार मला चांगला आठवतो. काडतूस घरी भरणं ही तशी साधी गोष्ट. झाडलेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं, म्हणजे केस, पुन्हा वापरायची. ती साफ करून, साच्यातून दाबून मूळ आकारात आणायची, तळाशी ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, आत दारू मोजून ओतायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. दुकानातल्या तयार काडतुसांत एक दुसऱ्यासारखं नसतं, म्हणून आमच्यासारखे लोक हा उद्योग करतात. सगळी काडतुसं एकसारखी झाली तर सगळ्या गोळ्या एका जागी जातील, एवढंच त्यामागचं गणित. माझ्या मात्र जात नव्हत्या. सहाशे यार्डांवर माझ्या टार्गेटवर भोकांची एक उभी माळ यायची, वीतभर लांब. दोन वर्षं मी त्या माळेत अडकले होते.

तुम्ही दारात उभे राहिलात. मी भरलेली पन्नास काडतुसं ट्रेमध्ये ओळीने उभी होती. तुम्ही माझ्या डिजिटल कॅलिपरकडे बोट दाखवून विचारलंत, "बघू का?" मी हो म्हटलं. तुम्ही खुर्ची ओढलीत, चष्मा पुसलात आणि एकेक काडतूस मोजायला लागलात. मी मध्येच उठून कुकर लावून आले, कणीक मळून आले. परत आले तर तुम्ही पन्नासावं खाली ठेवत होतात.

"बारा थाऊचा फरक आहे," तुम्ही म्हणालात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे तेव्हा तुम्हाला मला सांगावं लागलं. आम्ही इथे वेगळ्या शब्दात म्हणतो. मग तुम्ही विचारलंत, "याचं ड्रॉइंग कुठंय?"

मी म्हटलं ड्रॉइंग नसतं अण्णा, अंदाजाने साधारण असं बसवायचं.

"ऑफिसात तू काय करतेस?"

"मोजते," मी म्हटलं. चिपवरच्या थरांची जाडी मोजायची, हे माझं काम. डोक्यावरच्या केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक.

"आणि घरी आल्यावर अंदाजाने?"

तुम्ही हे रागाने म्हणाला नव्हतात. खरंच कोडं पडलं होतं तुम्हाला. चिंचवडच्या कारखान्यात बत्तीस वर्षं गेज इन्स्पेक्टर म्हणून काढलेल्या माणसाला, मोजता येत असून माणूस मोजत का नाही, हे कळेना. मला इतकी लाज वाटली की त्या रात्री मी भाजीत मीठच घातलं नाही. तुम्ही जेवलात आणि तेही बोलून दाखवलं नाहीत.

सोमवारी घरी आले तर करडी खुर्ची रिकामी होती. तुम्ही मागच्या खोलीत होतात.

गोळीच्या टोकापासून लांबी मोजायची नाही हे पहिल्यांदा तुम्हीच शोधलंत. कारखान्यातून येतानाच गोळ्यांची टोकं कमीजास्त असतात, त्यामुळे टोकापासून मोजलेलं माप खोटं. गोळीचा फुगीर भाग जिथे सुरू होतो तिथून मोजायला हवं. त्यासाठी बाजारात एक खास जोड मिळतो आणि क्लबमधले सगळे तोच वापरतात, हे मला माहीत होतं, पण मी कधी विकत घेतला नव्हता. तुम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही चार दिवस टोकं मोजलीत आणि स्वतःच तिथे पोचलात. मग तुमच्या बॅगेतून डायल गेज बाहेर आलं. चिंचवडहून कपड्यांच्या दोन जोड्या कमी आणल्या होतात आणि ते मात्र लोकरी मफलरमध्ये गुंडाळून आणलं होतंत. काडतूस फिरवून गोळी केसमध्ये सरळ बसली आहे की तिरकी, ते त्यावर दिसायचं. काटा हलला की तुम्ही ते काडतूस डाव्या ट्रेमध्ये ठेवायचात. डावा ट्रे सरावाचा, उजवा मॅचचा. पहिल्या महिन्यात उजव्या ट्रेमध्ये जेमतेम दहा असायची.

दारू मोजताना तुम्ही एसीची झडप बंद करायला लावायचात, कारण वाऱ्याच्या झुळकेने तराजूचा काटा हलतो. बाहेर ॲरिझोनाचा जून, आणि आपण दोघं बंद खोलीत घामाघूम. गणपतीत कोणीतरी तुम्हाला विचारलं होतं, इथे वेळ कसा जातो हो? आणि तुम्ही गंभीरपणे सांगितलं होतंत, "रोज संध्याकाळी सूनबाई आणि मी दारू घेऊन बसतो." मी प्रसाद वाटत होते, माझ्या हातून वाटी पडली. आई गेल्यानंतर तुम्ही केलेला तो पहिला विनोद. समीर मला गाडीत म्हणाला की तो तुमचा विनोद होता की तुम्ही नुसती माहिती देत होतात, हे त्याला अजून नक्की सांगता येत नाही.

उभी माळ हळूहळू आखडत गेली. वीतभराची चार बोटं झाली. प्रत्येक टार्गेटचा कागद मी घरी आणायचे आणि तुम्ही तो भिंतीला लावून लांबून बघायचात. उंची ही काडतुसाची जबाबदारी, रुंदी वाऱ्याची, आणि वारा वाचणं हे नेमबाजाचं काम, अशी वाटणी तुम्ही करून टाकली होतीत. भोकं आडवी पसरली असली की तुम्ही सुटकेचा श्वास टाकायचात आणि मला म्हणायचात, हे तुझं.

आता ज्याबद्दल मला बोलायचं होतं आणि मी बोलले नाही, ते सांगते.

तो गुरुवार होता आणि शनिवारी मॅच होती. ऐंशी काडतुसं भरून तयार होती, सगळी उजव्या ट्रेमध्ये. तीन आठवड्यांचं काम. मी ऑफिसातून आले आणि पाहिलं तर तुम्ही गोळ्या बाहेर काढायची ती हातोडी घेऊन बसला होतात. काडतूस तिच्यात अडकवून आपटलं की गोळी निघते. एका ताटलीत गोळ्या होत्या, एका बरणीत दारू, आणि ट्रे रिकामा. ऐंशीच्या ऐंशी तुम्ही सोडवली होतीत. सोडवण्याआधी मला विचारलं नव्हतंत.

दुपारी तुम्ही सहज म्हणून तराजूवर नेमक्या मापाचं तपासणीचं वजन ठेवलं होतंत आणि ते चुकीचं दिसलं. तराजू कधीपासून चुकत होता ते कळायला मार्ग नव्हता. म्हणजे कुठल्या काडतुसात दारू बरोबर आणि कुठल्यात रायफल फुटण्याइतकी जास्त, हेही कळायला मार्ग नव्हता. हे सगळं तुम्ही मला शांतपणे सांगितलंत. मी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्या मॅचसाठी मी शुक्रवारची सुट्टी काढली होती, वर्गवारीत वर जायची ती त्या वर्षातली शेवटची संधी होती. मी म्हटलं, फरक असून असून किती असणार? दोन-चार मारून बघता आली असती. मला फोन करता आला असता. आणि शेवटी म्हटलं, "अण्णा, हा तुमचा कारखाना नाही."

तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. "नाही," तुम्ही म्हणालात. "कारखान्यात चूक झाली तर माल परत यायचा. इथे मागे तुझं तोंड असतं."

मी खोलीतून निघून गेले. शनिवारी मॅचला गेले नाही. चार दिवस तुमच्याशी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी मी मागच्या खोलीत आले आणि केसेस साफ करायला लागले. तुम्ही सरकून जागा दिलीत. आपलं भांडण मिटलं, असं आपण दोघंही धरून चाललो. पण अण्णा, मी माफी मागितली नाही. तुम्ही बरोबर होतात हे मला त्या गुरुवारीच, जिना चढताना कळलं होतं. माझ्या आईवडिलांनंतर माझ्या जिवाची इतकी बारीक काळजी कोणी केली नाही, आणि मी त्या माणसाला सांगितलं की हा तुमचा कारखाना नाही. आज लिहिते आहे. उशीर झालाय.

एक वाद मात्र मी सोडणार नाही. रिकाम्या केसेस वजन करून, सारख्या वजनाच्या निवडून घ्यायच्या, हा तुमचा हट्ट. मी म्हणायची, आमच्या अंतरावर त्याने काही फरक पडत नाही. आपण परीक्षा घेतली. पंचवीस निवडलेल्या, पंचवीस न निवडलेल्या, आणि कुठल्या कुठल्या ते झाडताना मलाही माहीत नव्हतं. काही फरक निघाला नाही. तुम्ही कागद बघितलेत आणि म्हणालात, पंचवीसने काय सिद्ध होतं, शंभर कर. एरवी हे वाक्य माझं असतं. ऑफिसात मी लोकांना हेच ऐकवते. शंभर करायच्या राहून गेल्या. आता करून मी जिंकले तरी मान्य कोण करणार?

डॉक्टरांनी तुमच्या हृदयाचं सांगितलं तो हिवाळा. जिना नको, जड उचलायला नको, मीठ कमी. तुम्ही विचारलंत, बसून मोजलं तर चालेल का? डॉक्टरबाईंना कळेना काय मोजायचं आहे. मी भाषांतर केलं. त्या म्हणाल्या, हवं तितकं मोजा.

फेब्रुवारीतल्या त्या मॅचला तुम्ही यायचा हट्ट धरलात. पहाटे निघालो. वाळवंटात थंडी होती आणि तुम्ही मफलर, कानटोपी, वरून कानावरचे ते मोठे संरक्षक, असे माझ्या मागे घडीच्या खुर्चीत दुर्बिणीला डोळा लावून बसलात. क्लबचा म्हातारा रेंज ऑफिसर वॉल्ट तुम्हाला मिस्टर अण्णा म्हणायचा. त्याने तुम्हाला नियम सांगितला, नेमबाजाशी बोलायचं नाही. तुम्ही हात वर करून समजल्याची खूण केलीत. नियम सांगणारा माणूस तुम्हाला पहिल्या फटक्यात आवडला.

वीस गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त दहा गुण. सहाशे यार्डांवर दहाचं वर्तुळ पापडाएवढं, आणि त्याच्या आत पुरीएवढं आणखी एक, त्याला एक्स म्हणतात. बरोबरी झाली तर एक्स मोजतात. दोनशेपैकी दोनशे मला कधी पडले नव्हते. दर वेळी कुठेतरी एक गोळी वर नाहीतर खाली निसटायची.

त्या दिवशी पहिल्या दहा गोळ्या दहात गेल्या. अकरावी, बारावी. प्रत्येक गोळीनंतर टार्गेट खाली जायचं, भोकात खुणेची चकती लागायची आणि ते पुन्हा वर यायचं. पंधरावीला वारा फिरला. वाऱ्याची दिशा दाखवणारे झेंडे पडले आणि उलट्या बाजूने उठले. मी थांबले. वेळ चालला होता. मागून तुमचा आवाज येत नव्हता, पण तुमचा श्वास मला ऐकू येतोय असं वाटत होतं, जे कान झाकलेले असताना शक्य नाही. मी मनाशी म्हटलं, उंचीची काळजी करायचं कारण नाही, ती अण्णांनी करून ठेवली आहे. मला फक्त वारा बघायचा आहे. तुम्हाला सांगते अण्णा, नेमबाजीत माझ्यावरचं अर्धं ओझं दुसऱ्या कोणीतरी उचललंय, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मी झेंड्यांची वाट बघितली आणि उरलेल्या सहा मारल्या.

विसाव्या गोळीनंतर टार्गेट खाली गेलं ते लवकर वर येईना. मग आलं. चकती दहाच्या आत होती.

दोनशे. नऊ एक्स.

वॉल्टने गुण वाचून दाखवले आणि मला विचारलं, काडतुसं कोणाची? मी मागे बोट दाखवलं. तो तुमच्यापाशी गेला, डोक्यावरची टोपी काढली आणि तुमचा हात हातात घेतला. मग बाकीचे आले. एकाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळी रांग वाजवायला लागली. तुम्ही कानटोपी काढून उभे राहिलात. डोळ्यांत पाणी होतं, ते थंडीचं आहे असं तुम्ही नंतर म्हणालात.

परतीच्या वाटेवर तुम्ही खूप बोललात. बत्तीस वर्षांत कारखान्यात कोणी तुम्हाला आपणहून चहा पाजला नव्हता. इन्स्पेक्टर म्हणजे माल अडवणारा. तुम्ही आलात की मशीनवरची माणसं गप्प व्हायची. "चांगला माल गेला की नाव ऑपरेटरचं," तुम्ही म्हणालात, "आणि ते बरोबरच आहे, बनवतो तो. पण आज मला कळलं की दुसऱ्या बाजूला कसं वाटतं." मी गाडी चालवत होते, तुमच्याकडे बघता येत नव्हतं, हे बरंच झालं.

त्यानंतर पाच आठवडे. छातीत पाणी झालं, हॉस्पिटलमध्ये पाच दिवस काढलेत. चौथ्या संध्याकाळी समीर खाली औषध आणायला गेला होता. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, मॅचसाठी किती भरल्यास? मी म्हटलं साठ.

"तपासणीचं वजन लावलंस?"

तेव्हा मला सगळं बोलायचं होतं. त्या गुरुवारचं, माफीचं, आणि हेही की तुम्ही करड्या खुर्चीतून उठून मागच्या खोलीत आलात तेव्हा माझ्या घरात कोणीतरी राहायला आलंय असं मला वाटलं. मी म्हटलं, "लावलं." तुम्ही मान हलवलीत आणि झोपलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

परवा रविवारी मी रेंजवर गेले. समीर म्हणाला, मी येतो. इतक्या वर्षांत तो कधी आला नव्हता. मी दुर्बीण लावून दिली, काय बघायचं ते दाखवलं. काडतुसं सगळी माझी होती. केस साफ करण्यापासून गोळी बसवण्यापर्यंत एकटीने केलेली पहिलीच. केसेस मी वजन करून निवडल्या होत्या, आणि त्याने फरक पडत नाही हे माझं मत कायम आहे.

दोनशे, अण्णा. दोनशेपैकी दोनशे, आणि अकरा एक्स. तुमच्यापेक्षा दोन जास्त.

वॉल्टने आकडा पुकारला तेव्हा मी चटईवर तशीच पालथी पडून राहिले आणि हसत सुटले. समीरने मला हात देऊन उठवलं. तोही हसत होता, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मग तो पुन्हा दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "अण्णा असते तर म्हणाले असते, तेरावी बघ."

मी बघितली. दहातच होती, पण वर होती, अगदी रेषेला लागून.

घरी आल्यावर हातपाय धुतले आणि चहाआधी मागच्या खोलीत गेले. झाडलेल्या केसेस क्रमाने ठेवलेल्या डबीतून तेरावी काढली, एसीची झडप बंद केली आणि मोजायला घेतली.